आदोळीचं क्रोमियम

तर झालं असं, की गेल्या महिन्यात दोन दिवस मी आर्गॉन वायूवर संशय घेत बसले होते आणि चोर आमच्या फोंड्याच्या घरात, ओट्याखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला होता.

थांबा, नीट सांगते.

मी पणजीजवळच्या एका लॅबमधे आयसीपी-एमएस चालवते. पूर्ण नाव इंडक्टिव्हली कपल्ड प्लाझ्मा मास स्पेक्ट्रोमीटर, पण ते आमच्यात कोणी म्हणत नाही, "आज आयसीपी कोण लावतंय" एवढंच, आणि घरी आई त्याला "तुजें तें मशीन" म्हणते. काम काय तर मासे, शिंपले, तांदूळ, रक्त, लघवी असल्या, जिवंत किंवा कधीकाळी जिवंत असलेल्या गोष्टींमधे शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा, जस्त वगैरे किती आहे ते मोजायचं.

किती बारीक मोजतं हे पाहुण्यांना सांगायला माझं एक ठरलेलं उदाहरण आहे. साळावली धरण पूर्ण भरलं की त्यात साधारण २३ कोटी ४० लाख घनमीटर पाणी मावतं. त्या अख्ख्या पाण्यात पाव किलोला थोडं कमी काहीतरी विरघळवलंत की झालं एक पीपीटी, म्हणजे लाख कोटीत एक भाग. बऱ्याच धातूंसाठी आमचं मशीन त्या पातळीच्या आसपास बघू शकतं. पाहुणे "बापरे" म्हणतात आणि मी चहा पिते. पण खरी गोची तिथंच आहे, कारण धरणातलं पाव किलो ज्याला दिसतं त्याला तुमच्या हाताला लावलेली क्रीम पण दिसते, एसीच्या ग्रिलवरची धूळ दिसते, ग्लोव्हजमधलं जस्त दिसतं आणि फोंड्याहून येताना चपलेला लागलेली लाल माती तर दिसतेच दिसते. नवीन मुलं लॅबला आली की त्यांना वाटतं मशीन शिकायचंय. मशीन आठवड्यात येतं. बाकी वर्षभर फक्त घाण कुठून आली हे शोधायला शिकायचं असतं.

यावेळी होत्या शिणाण्यो. गोव्याबाहेरच्यांसाठी, हिरव्या कडेचे ते मोठे शिंपले, रवा लावून तव्यावर तळतात ते. जगभर समुद्रातले धातू बघायला शिणाण्यो आणि त्यांचे भाऊबंदच वापरतात, कारण हा प्राणी एका जागी चिकटून बसतो आणि दिवसभर पाणी गाळत राहतो, पाण्यात जे काय असेल ते अंगात साठवतो. १९७५ मधे एडवर्ड गोल्डबर्ग नावाच्या शास्त्रज्ञाने "मसल वॉच" म्हणून कल्पना मांडली, जगभरच्या किनाऱ्यांवर ह्या शिंपल्यांनाच पहारेकरी करा म्हणून, आणि १९८६ पासून अमेरिकेत ते सरकारी पातळीवर सुरू आहे. आमचं तसलं काही मोठं नव्हतं हां, आम्हाला फक्त नवीन पद्धत बसवून बघायची होती, म्हणून बाजारातल्याच शिणाण्यो आणलेल्या. तेव्हा ह्यातून कुठल्या नदीबद्दल काही निष्कर्ष काढू नका, मी पण काढलेला नाही.

तरी मांडवी-झुआरीचा विषय निघाला की आपल्याकडे सगळ्यांना खाणीच आठवतात, साहजिक आहे, आम्ही लहानपणी खनिज नेणाऱ्या बार्ज मोजत मोठे झालो. २०१२ मधे सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या, परत सुरू झाल्या, २०१८ मधे परत थांबल्या, पण नदीच्या तळाला बसलेली लाल माती कोर्टाच्या ऑर्डरने थोडीच जाते. आणि मोजणाऱ्यासाठी ती माती वेगळीच डोकेदुखी, कारण शिणाणीच्या पोटात गाळ असतो. तुम्ही ती तशीच सोलून मोजलीत तर लोह प्रचंड येतं, ॲल्युमिनियम पण येतं, आणि तुम्ही म्हणता अरे देवा केवढं लोह, पण ते तिच्या मांसातलं नाही, तिने नुकतंच गिळलेल्या चिखलातलं आहे. म्हणून आधी तिला स्वच्छ समुद्राच्या पाण्यात एक दिवस ठेवायची, पोट साफ होऊ द्यायचं, मग उघडायची. उघडायची पण सिरॅमिकच्या सुरीने. हे शेवटचं लक्षात ठेवा.

पहिली बॅच मी शुक्रवारी लॅबमधे नीट केली. दुसऱ्या बॅचच्या शिणाण्यो शनिवारी संध्याकाळी फोंडा मार्केटमधे छान मिळाल्या म्हणून घेतल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून घरच्या फ्रिजमधे खाली ठेवल्या आणि रविवारी एका लग्नाला गेले. संध्याकाळी येऊन बघते तर सगळ्या सोलून, धुऊन, स्टीलच्या डब्यात भरून फ्रीझरमधे.

"आगो, त्यो मरपाक लागिल्ल्यो," आई म्हणाली. "म्हटलें तुजें काम उणें जातलें."

आता तिला काय सांगणार. तेव्हाच त्या टाकून द्यायला हव्या होत्या, खरं म्हणजे तळून खायला हव्या होत्या, पण सोमवारचा स्लॉट बुक होता आणि मी स्वतःशी म्हटलं, आपल्याला मुख्य कॅडमियम आणि शिसं बघायचंय, आमच्या आदोळीत, म्हणजे विळीत, कुठलं आलंय कॅडमियम. डब्यावर "बॅच बी" लिहिलं आणि विसरले. ही सगळ्यात मोठी चूक, आणि लिहून ठेवली नाही ही त्याहून मोठी.

मग नेहमीचं. फ्रीझ ड्राय करून पावडर, त्यातली अर्धा ग्राम टेफ्लॉनच्या भांड्यात, वर नायट्रिक ॲसिड आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड, झाकण घट्ट आणि मायक्रोवेव्हमधे जवळपास २०० अंशांपर्यंत. घरचा मायक्रोवेव्ह नव्हे, हा जाड दाराचा आणि लाखांत किंमत असलेला. आत शिणाणीचं अक्षरशः पाणी होतं, थंड झाल्यावर झाकण सैल केलं की नारिंगी-तपकिरी धूर निघतो, तो फ्यूम हूडच्या बाहेर आला तर खोकून जीव जातो. शेवटी उरतं स्वच्छ पाण्यासारखं द्रावण, ते ५० मिलीपर्यंत वाढवायचं. प्रत्येक बाटली प्लॅस्टिकची, आदल्या रात्री ॲसिडमधे भिजवलेली. काच चालत नाही, काच स्वतःच धातू सोडते.

प्रत्येक फेरीत एक रिकामं भांडं पण जातं, ज्यात शिणाणी नाही, बाकी ॲसिडबिसिड सगळं तेच. त्याला ब्लँक म्हणतात. माझ्या मते ब्लँक हाच खरा नमुना, बाकीचे नुसते सोबतीला. आणि एक भांडं निस्टच्या ऑयस्टर पावडरचं. अमेरिकेतली ही संस्था कालवांची पावडर बाटलीत भरून विकते, सोबत सर्टिफिकेट, आणि तिची किंमत ऐकून बाबा म्हणाले होते की एवढ्यात आपण वर्षभर कालवां खाऊ. आमच्याकडे १५६६बी नंबरची आहे, त्यात कॅडमियम किलोला २.४८ मिलिग्राम. अर्धा ग्राम घेऊन ५० मिली केलं तर मशीनवर साधारण २४.८ पीपीबी (पीपीबी म्हणजे शंभर कोटीत एक भाग) दिसायला पाहिजे. दिसलं तर तुमची पद्धत बरोबर. नाही दिसलं तर शिणाण्यांचे आकडे कोणाला सांगू नका.

मग ते द्रावण एका बारीक नळीतून आत जातं, नेब्युलायझर त्याचा फवारा करतो, त्यातले बारीक थेंब तेवढे पुढे जातात आणि प्लाझ्मात शिरतात. प्लाझ्मा म्हणजे आर्गॉनची ज्योत, ज्योत म्हणायची एवढंच, जळत काही नाही, रेडिओ लहरींनी तापवलेला वायू आहे, सहा ते दहा हजार केल्व्हिन, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाइतका किंवा वरच. खिडकीतून बघितलं की टोकदार पांढरी जीभ दिसते. त्यात शिणाणीचं जे काय उरलंय ते तुटून सुटे अणू होतात, अणूंचे आयन होतात, आणि ते दोन निकेलच्या टोप्यांच्या, ज्यांना आम्ही कोन म्हणतो, भोकांतून निर्वातात ओढले जातात. आत चार दांड्यांचा क्वाड्रुपोल असतो, तो एका वेळी एकाच वजनाच्या आयनांना पुढे सोडतो, १११ म्हटलं की १११, २०८ म्हटलं की २०८, आणि पलीकडे डिटेक्टर एकेक आयन मोजतो. १९८० मधे अमेरिकेतल्या एम्स लॅबोरेटरीतल्या हूक, फॅसल आणि मंडळींनी ही जोडणी जमते असं दाखवलं, १९८३ मधे पहिलं विकाऊ मशीन आलं. आर्गॉन मिनिटाला १८ लिटरच्या आसपास पितं, मोठा सिलिंडर सहा-साडेसहा तासात खलास. पावसात व्होल्टेज डुबकी मारतं आणि प्लाझ्मा विझतो, त्यावर मी वेगळी पोस्ट लिहीन, शिव्यांसकट.

तर पुढच्या सोमवारी आकडे आले. कॅडमियम ठीक. शिसं ठीक. ऑयस्टर पावडर सगळी बरोबर. आणि बॅच बीमधे क्रोमियम, शुक्रवारच्या बॅचच्या दुपटीहून जास्त.

पहिला संशय आर्गॉनवर, कारण त्याची ती जुनी सवय आहे. हे मशीन फक्त वजन बघतं, नाव नाही. क्रोमियमचं वजन ५२. आर्गॉनचं ४० आणि कार्बनचं १२, दोघं एकमेकांना चिकटले की तेही ५२, आणि मशीन मुकाट्याने त्यांना क्रोमियम म्हणून मोजतं. असे तोतये भरपूर. आर्गॉन आणि ऑक्सिजन मिळून ५६, ते लोह म्हणून मिरवतात. आर्गॉन आणि क्लोरीन ७५, म्हणजे हुबेहूब आर्सेनिक, आणि आर्सेनिकला निसर्गात ते एकच वजन आहे, दुसरीकडे जाऊन खात्री करायची सोय नाही. खाऱ्या पाण्यातला जीव म्हणजे मीठ आलं, मीठ म्हणजे क्लोरीन आलं. म्हणजे काळजी घेतली नाही तर समुद्रातला प्रत्येक प्राणी आर्सेनिकने भरलेला निघेल.

काळजी म्हणजे हेलियम. क्वाड्रुपोलच्या आधी एक सेल असतो त्यात थोडं हेलियम सोडतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून कधी घाईत गेलायत? एकटा सडपातळ माणूस सटकन निघून जातो, पण दोघं हातात हात घालून निघाले, प्रत्येकाच्या काखेत पिशवी, तर ते दर पावलाला कोणाला तरी धडकतात आणि बाहेर पडेपर्यंत दमतात. तसंच. सुटा अणू लहान, कमी धडकतो. जोडगोळी मोठी, हेलियमला पुन्हा पुन्हा आपटते, ताकद जाते, आणि पुढे एक छोटा चढ ठेवलेला असतो तो तिला चढवत नाही.

बॅच बीचं द्रावण मला जरा पिवळसर वाटलेलं, म्हणजे मांस नीट जळलं नाही, कार्बन उरला, म्हणजे आर्गॉन-कार्बन. जमलं की! हेलियमचा प्रवाह वाढवला. क्रोमियम हलेना. परत डायजेस्ट केलं, म्हणजे ॲसिडमधे विरघळवलं, जास्त वेळ, द्रावण एकदम स्वच्छ, क्रोमियम तिथंच. मग ५३ बघितलं. निसर्गात ५२ वजनाचं क्रोमियम ८३.८ टक्के आणि ५३ चं ९.५, म्हणजे एकास साधारण ८.८. माझं गुणोत्तर ८.७ आलं. तोतया असता तर हे जमलं नसतं. म्हणजे क्रोमियम खरंच होतं, आणि बिचाऱ्या आर्गॉनवर मी दोन दिवस उगाच आळ घेतला.

मग ॲसिडची नवीन बाटली? ब्लँक स्वच्छ. कोन झिजले? ते निकेलचे, आणि निकेल तर अगदी नॉर्मल होतं. इथं डोक्यात काहीतरी टिकटिकलं पण पकडता येईना. बुधवारी दुपारी डबा खाताना त्या डब्याकडे बघत होते, साधा स्टीलचा, आणि आठवलं की शिणाण्यो पण स्टीलच्या डब्यात होत्या. सापडलं! लगेच परत पडलं, कारण डब्याभांड्यांचं स्टील बहुतेक १८/८, अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल, डब्यातून आलं असतं तर निकेल पण चढलं असतं. निकेल न घेता एकटं क्रोमियम कुठून येईल?

पात्याचं स्टील. सुऱ्या-पात्यांना कडकपणा हवा असतो, त्या स्टीलमधे क्रोमियम असतं तेराच्या आसपास टक्के, निकेल जवळपास नाही. हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंय मी हे.

आईला फोन लावला.

"आई, शिणाण्या कशाने सोललेल्यास?"

"आदोळेन. आनी कशान?"

"कुठल्या, जुन्या?"

"जुनी खंय, ती जंगल्या. तुज्या मावशेन दिल्ली ती, स्टिलाची." आणि मग, मी न विचारता, अभिमानाने, "शनिवाराच धार काडून घेतिल्ली. धारवालो आयिल्लो."

ताजी धार! चाकावर घासून आणलेलं पातं, त्यावर बारीक स्टीलचा चुरा, वर शिणाणीच्या कवचातली रेती, आणि आई बसलीय शंभरेक शिणाण्यांचे सांधे कापत. यापेक्षा चांगली क्रोमियम मिसळायची पद्धत लॅबमधे पण जमली नसती. लोह पण वाढलं असणारच, पण शिणाणीत आधीच एवढं लोह असतं की ते गर्दीत लपून गेलं.

खात्री तर करायलाच हवी. आदोळी घेऊन कदंब बसमधे चढायची हिंमत नव्हती, म्हणून गुरुवारी सकाळी घरीच ओल्या फिल्टर पेपरने पातं पुसलं, पेपर प्लॅस्टिकच्या पाऊचमधे घालून नेला, ॲसिडमधे बुडवला आणि भरपूर पातळ करून मशीनला दिला. क्रोमियमचा आकडा बघून आमचा ज्युनिअर म्हणाला, मॅडम हे काय, चुकून स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचं तयार द्रावण) दिलंत का. निकेल कुठेच नाही. केस क्लोज.

ह्या सगळ्यात आईचा मूळ प्रश्न तसाच होता. तिने तो सोमवारी पण विचारला, गुरुवारी पण. "तें सगळें जांव दी, खावच्यो काय ना तें सांग."

आणि इथं माझी खरी तारांबळ उडते, कारण आकडा काढणं सोपं, तो वाचणं अवघड. कॅडमियमच घ्या. युरोपची शिंपल्यांसाठी मर्यादा किलोला १ मिलिग्राम, कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची, २, पण ती ओल्या वजनावर. आम्ही मोजतो सुकी पावडर. शिणाणीत पाणीच ऐंशी टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुक्याचा आकडा पाचाने भागायचा. व्हॉट्सॲपवर "शिंपल्यांमधे धोकादायक कॅडमियम" म्हणून जे फिरतं त्यात सुका आकडा ओल्या मर्यादेशेजारी ठेवलेला मी स्वतः बघितलाय, आणि फॉरवर्ड करणारे शिकलेले लोक. याचा अर्थ कॅडमियम हसण्यावारी न्यायचं असं नाही, ते मूत्रपिंडात जाऊन बसलं की अर्धं कमी व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात. जपानमधे जिंझू नदीत खाणीतलं कॅडमियम आलं, भातशेतीत गेलं, आणि लोकांची हाडं मोडायला लागली, त्या रोगाचं नावच इताई-इताई, म्हणजे "दुखतंय दुखतंय". खाण, नदी आणि भात हे तीन शब्द एका वाक्यात आले की गोव्याच्या माणसाने कान टवकारायलाच हवेत.

आर्सेनिकचं उलटं. हेलियम लावून, तोतये हाकलून पण शिंपल्यांत आर्सेनिक चांगलंच येतं, आणि ते खरं असतं. पण त्यातलं बरंचसं आर्सेनोबीटेन असतं, ते आपल्या शरीरातून जसंच्या तसं लघवीवाटे निघून जातं. वाईट ते अजैविक आर्सेनिक, कॅन्सरवालं. आमचं मशीन दोघांना एकच समजतं, प्लाझ्मात सगळे सुटे अणू झालेले असतात ना. वेगळं करायचं तर आधी क्रोमॅटोग्राफीच्या कॉलममधून एकेक प्रकार सोडायचा आणि मग प्लाझ्मात. ते आम्ही अजून बसवतोय. म्हणून नुसतं "एकूण आर्सेनिक" बघून कोणी घाबरवायला लागलं तर त्याला विचारा, कुठलं?

हेच केसांच्या टेस्टचं, जाता जाता सांगते, कारण बार्जवर नोकरी केलेल्या काकांनी परवा तसला एक रिपोर्ट आणून दाखवला, रंगीत, बाण वर, बाण खाली. काकांच्या केसात जस्त आणि सेलेनियम जास्त. काका कोंड्याचा शाम्पू वापरतात. त्या शाम्पूंमधे झिंक पायरिथिऑन नाहीतर सेलेनियम सल्फाइड असतं. मी एवढंच सांगितलं, काकी हसत सुटली, काकांनी रिपोर्ट घडी करून खिशात घातला. काळजी असेल तर डॉक्टरांना सांगून रक्त तपासा, तेही ट्रेस मेटलच्या वेगळ्या ट्यूबमधे घेतलेलं, साध्या ट्यूबच्या रबरी बुचातून पण जस्त येऊ शकतं. म्हणजे आपल्याच ट्यूबची घाण आपल्याच आकड्यात.

आईला मी शेवटी सांगितलं की ह्या बॅचमधे कॅडमियम आणि शिसं मर्यादेच्या बरंच खाली आहे, खाऊया, पण रोज नको, आणि आदोळी धार काढून आणली की आधी साबणाने धुऊन पुसून घे. ती म्हणाली धुतली होती. मी काही बोलले नाही.

तिसरी बॅच मागच्या शनिवारी आणली. एक दिवस स्वच्छ पाण्यात, सिरॅमिक सुरी, प्लॅस्टिकचे डबे, क्रोमियम शुक्रवारच्या पहिल्या बॅचइतकंच. लॅबला नेण्याआधी एक रात्र डबा घरच्या फ्रिजमधे ठेवावा लागला म्हणून मी त्याच्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं, "सॅम्पल आहे. आईने हात लावू नये." सकाळी बघते तर खाली तिच्या सुवाच्य अक्षरात, मराठीत, कारण लिहायचं झालं की ती मराठीतच लिहिते: "मग तळायच्या पण तूच सोल. दोन डझन ओट्यावर ठेवल्या आहेत."